लुंडी बंद करताना

तोर्सहाव्न. जानेवारी. रात्रीचे पावणेबारा.
बंदर कचेरीच्या तळघरात आम्ही दोघं:
मी, आणि दॉन्याल, ज्याची निवृत्ती शुक्रवारी.
वर वारा पत्र्याची कड उचकटून बघतोय.
खाली चोवीस तबकड्या,
मिनिटाला दहा हजार वेढे,
अकरा वर्षं.

सर्व्हरांना पक्ष्यांची नावं. ती दॉन्यालनंच ठेवलेली.
त्यातला एकही हाताला लागत नाही.
एका लोखंडी पेटीत चौदा जण राहतात
आणि प्रत्येकाला वाटतं, पेटी आपलीच.

आज त्यांचं बिऱ्हाड हलवायचं,
फिरत्या चकत्यांवरून
न फिरणाऱ्या चिपांवर.
सामान जाईल, धनी जागचा उठणार नाही.
च्याल्दुरवर माशांच्या लिलावाचा हिशेब चालू आहे
आणि आम्ही त्याच्या पायाखालची फरशी
एकेक करून काढतोय,
तशीच दुसरी बसवतोय.
कॉडचा भाव पुढे सरकला. त्याला कळलं नाही.

रिताला पाचशे जीबी दिले होते. वापरले एकवीस.
बाकी सगळी शून्यं,
आणि तीही मुकाट निघाली होती मोजून, एकामागून एक,
रिकाम्या पोत्यांनाही भाडं पडावं तशी.
दॉन्याल खुर्चीतूनच म्हणाला,
'मार्युन, शून्यं राहू दे इथंच.'
मी एक खूण बदलली.
चार तासांचं काम नऊ मिनिटांत आलं.

मग लुंडी. लुंडी हलेना.
त्याच्या पोटात एक जुना स्नॅपशॉट अडकलेला,
नाव दिलेलं: 'उद्या पुसणे'.
तारीख नऊ वर्षांपूर्वीची.
त्या उद्याला दॉन्याल कामावर आला नव्हता,
त्यानंतरही कित्येक आठवडे नाही.
का, ते गावातल्या पोरालाही ठाऊक आहे;
होडीचं नावसुद्धा.
मी पडद्याकडे बघत राहिले.
त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला
आणि पुसलं.
पट्टी भरायला बराच वेळ लागला.
एवढ्या वर्षांचं वरचं खाली मुरायचं होतं.

तरीही तो चालता चालता जाणार नव्हता.
जुना अवतार, जुनी खोड. बंदच करावा लागणार.
'हा करतो काय नेमकं?' मी विचारलं.
नोंदवहीत त्याच्यापुढे नुसती रेघ.
३२०६ दिवस सलग जागा.
दॉन्याल म्हणाला, 'कर बंद.'

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
या वेळी तळघरातला फोन
मी आजवर वाजलेला ऐकला नव्हता.
नोल्सोय बेटावरून एक बाई,
आवाज अगदी जागा:
धक्क्यावरच्या फलकावर वाऱ्याचा आकडा थांबलाय,
सतरावर.
इथं तर खिडक्या हलतायत.

दॉन्यालनं माझ्या हातून फोन घेतला.
'आठ मिनिटं, सुन्वा,' तो म्हणाला,
नाव न विचारता.
पुढे काहीच बोलला नाही, ठेवलाही नाही.
आठ मिनिटं ती पलीकडे, हा अलीकडे,
आणि मधे मी, टक्के वाचत:
एकसष्ट. एकसष्ट. चौसष्ट.

लुंडी उठला.
पलीकडून एवढंच आलं: 'तेवीस.'
'तेवीस,' हा म्हणाला, आणि ठेवला.

साडेचारला जुनी पेटी रिकामी झाली.
मी बटण दाबलं.
तबकड्या लगेच थांबत नाहीत.
आवाज जिना उतरत गेला, खाली, आणखी खाली,
दॉन्यालचा तळवा पत्र्यावर,
शेवटचा वेढा संपेपर्यंत.
अकरा वर्षं तो कानानंच ओळखायचा
कुठली तबकडी आजारी आहे.

नव्या पेटीला आवाज नाही.
'चालू आहे ना?'
मी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं.
त्यानं मान डोलावली,
चष्मा काढून खिशात ठेवला,
आणि वाकून तिला कान लावला.